वाणीचे तीन योग : वैद्य व औषधविक्रेते यांच्या संवादकौशल्याचा विचार

संवादकौशल्य, व्यक्तिमत्त्व विकास, परस्परसंबंध या विषयांवरील शिबिरांची निमंत्रणे आता आपल्या व्यवसायबंधूंपर्यंतही पोहोचू लागली आहेत. त्यांत सांगितले जाणारे पुष्कळसे उपयुक्त असते, यात शंका नाही. तथापि हा विषय आपल्या शास्त्राला परका आहे व तो व्यवस्थापनशास्त्राकडून उसना आणावयाचा आहे, ही समजूत आम्हांस मान्य नाही. आपल्या संहितांनी वाणीचा विचार केवळ शिष्टाचार म्हणून केलेला नाही. रोगाचे कारण व चिकित्सेचे साधन अशा दोन्ही नात्यांनी केलेला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ११ व्या म्हणजे तिस्रैषणीय अध्यायात रोगांची त्रिविध कारणे सांगताना अतियोग, अयोग व मिथ्यायोग ही परिभाषा येते. इंद्रियार्थ व काल यांना आपण ती नित्य लावतो. परंतु त्याच ठिकाणी कर्म म्हणजे वाणी, मन व शरीर यांची प्रवृत्ती असे सांगून, या तिन्हींना ती परिभाषा लावलेली आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. म्हणजे वाणीचाही अतियोग होतो, अयोग होतो व मिथ्यायोगही होतो. हे तीन योग आपल्या चिकित्सालयात व औषधांच्या दुकानात कसे घडतात, त्यांचे परिणाम काय होतात व ते कसे टाळावेत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवसायातील यश हा शब्द येथे आम्ही संकोचाने वापरत नाही. निदान अचूक आहे, कल्प उत्तम प्रतीचा आहे, आणि तरीही रुग्ण दुसऱ्या भेटीस आलाच नाही, असा अनुभव कोणत्या वैद्यास नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील अहवालानुसार, दीर्घकालीन आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आढळते. जे औषध पोटात गेले नाही त्याचा गुण येणार कसा? अशा वेळी दोष औषधाच्या माथी जातो, कधी शास्त्राच्याही.

चतुष्पादातील अदृश्य धागा

खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण या चार पादांचे प्रत्येकी चार असे १६ गुण सांगितले आहेत. त्यांतील रुग्णाचे चार गुण असे : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. हे गुण रुग्णाने घरूनच घेऊन यावयाचे आहेत असे गृहीत धरून आपण पुढे जातो. 'पेशंट ऐकतच नाही', 'त्याला नीट सांगताच येत नाही' अशा तक्रारी त्यातूनच उद्भवतात.

किंचित विचार केला तर असे दिसते, की हे चारही गुण बऱ्याच अंशी वैद्याच्या वाणीवर अवलंबून आहेत. ऐकून घेणारा मिळाला तर सांगणाऱ्यास सांगता येते. हे ज्ञापकत्व होय. धीर देणारा मिळाला तर भीती ओसरते, हे अभीरुत्व. थोडके व स्पष्ट सांगितले तर लक्षात राहते, ही स्मृती. आणि 'का' हे कळले तर पाळावेसे वाटते; हे निर्देशकारित्व. म्हणजेच वैद्याची वाणी सुधारली की रुग्णाचा पादही बळकट होतो. परिचारकाचे व औषधाचेही तसेच आहे. तेव्हा वाणी हा पाचवा पाद नव्हे, चारही पादांना एकत्र बांधणारा धागा आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

वाणीचा अयोग : न विचारणे, न ऐकणे, न सांगणे

कित्येक रुग्ण खुर्चीवर बसताच हात पुढे करतात व 'नाडी बघा आणि तुम्हीच सांगा, मला काय होतंय ते,' असे म्हणतात. रुग्णाच्या या अपेक्षेत श्रद्धा असते, तसा एक मोहही असतो. न विचारता रोग सांगितला की रुग्ण थक्क होतो व वैद्याची कीर्ती पसरते. परंतु दर्शन व स्पर्शन यांच्या बरोबरीने प्रश्नपरीक्षेस अष्टांगहृदयाने स्थान दिले आहे. सुश्रुताचार्यांनीही पंचेंद्रियांच्या जोडीला प्रश्न ही सहावी परीक्षा मानली आहे. त्याच अध्यायात ते बजावतात, की चुकीचे पाहिलेले, नीट न सांगितलेले व पुरेसा विचार न केलेले विकार वैद्याला भ्रमात पाडतात. 'नीट न सांगितलेले' याचा दोष रुग्णावर ढकलून आपली सुटका होत नाही. त्याला सांगू दिले होते काय, हा प्रश्न उरतोच.

या संदर्भात आधुनिक वैद्यकातील काही अभ्यास उद्बोधक आहेत. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेकमन व फ्रँकेल यांच्या अभ्यासात असे आढळले, की रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर त्यास तोडतात. रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही, ही भीती त्यामागे असते. ती भीती कितपत खरी? स्वित्झर्लंडमधील बाझल येथील एका बाह्यरुग्ण विभागात ३३५ रुग्णांना मुद्दाम न अडवता बोलू दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांनी घेतलेला सरासरी वेळ अवघा ९२ सेकंद भरला, आणि ७८ टक्के रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांत आपण होऊनच संपले. दोन मिनिटे म्हणजे आपण एक पुडी बांधण्यास घेतो तेवढाच वेळ!

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. 'पोट साफ होतं का?' असे विचारले की बहुतेक रुग्ण 'हो' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी 'सकाळी किती वेळा जावं लागतं? कुंथावं लागतं का? जाऊन आल्यावर हलकं वाटतं का?' असे विचारले की कोष्ठाचे खरे चित्र समोर येते. भूक, झोप, मासिक पाळी यांबाबतही हेच. काही प्रश्न सासू, सून वा शेजारीण यांच्या देखत विचारण्याजोगे नसतात. त्यासाठी एक पडदा व दोन मिनिटांचा एकांत पुरतो. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये, असा उपदेश विमानस्थानातील ८ व्या अध्यायात शिष्याला दीक्षा देतानाच केलेला आहे. प्रतीक्षा करणाऱ्यांना आतले बोलणे ऐकू जाते अशी आपली बैठक असेल, तर त्या उपदेशाचा भंग आपल्याकडून नकळत रोजच होत असतो.

न ऐकण्याचा सर्वांत घातक परिणाम म्हणजे लपविलेली औषधे. रक्तदाबाची, मधुमेहाची वा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असते. परंतु 'वैद्यांना आवडणार नाही' या धास्तीने रुग्ण ती सांगत नाही. 'दुसरी औषधं चालू आहेत का?' या प्रश्नात त्याला जाब विचारल्याचा भास होतो. 'चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या, आपण एकदा मिळून बघू,' या वाक्यात तो होत नाही.

न सांगणे हाही अयोगच. पंचकर्माच्या बाबतीत तो विशेष जाणवतो. वमनाचे वेग किती येतील, मध्येच घाबरल्यासारखे का वाटेल, स्नेहपानाचे दिवस किती, त्यात खाणेपिणे काय, नंतरचा संसर्जनक्रम पेया-विलेपीपासून कसा चढवीत न्यावयाचा, हे आधीच सांगितले पाहिजे. प्रवर शुद्धीनंतर सात दिवसांचा क्रम असतो हे ज्याला ठाऊक नाही, तो चौथ्या दिवशी लग्नाच्या पंगतीस बसला तर दोष कोणाचा? सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मधील समीरा कोहली खटल्याच्या निकालात हेच स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावर घेतलेली संमती हीच खरी संमती होय. नुसती कागदावरील सही पुरेशी नाही.

वाणीचा अतियोग : पथ्याची यादी व स्वतःची स्तुती

अयोगातून सुटलेला वैद्य पुष्कळदा अतियोगात सापडतो. रुग्णाने 'सांधे दुखतात' एवढे म्हणताच वात, आम, अग्निमांद्य, स्रोतोरोध असे व्याख्यान सुरू होते. रुग्ण मान डोलावतो. त्याला काही कळलेले नसते. नंतर पथ्याची यादी येते. दही नको, आंबवलेले नको, वाटाणा नको, हरभरा नको, बटाटा नको, शिळे नको, बेकरीचे नको. यादी संपते तेव्हा घरात शिजू शकेल असे काय उरले, हा प्रश्न रुग्णाच्या मनात असतो. तो विचारत नाही, आणि पाळतही नाही.

पथ्य हे आपल्या चिकित्सेचे बलस्थान आहे. म्हणूनच ते मोजके असावे, असे आम्हांस वाटते. त्या रुग्णात, त्या ऋतूत, त्या अवस्थेत ज्या तीन गोष्टींनी सर्वाधिक फरक पडणार आहे त्या निवडून सांगाव्यात, व प्रत्येकीचे कारण एका वाक्यात द्यावे. 'रात्रीचं दही बंद, कारण त्यानं सूज वाढते' हे लक्षात राहते. 'वातूळ खाऊ नका' याचा अर्थ मात्र प्रत्येक घरात वेगळा होतो. कोणी वांगे सोडतो, कोणी भात सोडतो, आणि चणे-फुटाणे चालूच राहतात. घरात स्वयंपाक कोण करते, डबा बाहेरून येतो काय, पाळी रात्रीची आहे काय, हे विचारल्यावाचून सांगितलेले पथ्य हवेत विरते.

हीच गोष्ट औषधकालाची. 'अपानकाळी', 'व्यानकाळी' हे शब्द आपल्या नोंदवहीत शोभतात. रुग्णाला 'जेवायला बसण्यापूर्वी', 'सकाळचं जेवण झाल्यावर' असेच सांगावे. अनुपान कोमट पाणी असेल तर कोमट म्हणजे किती, हेही सांगावे. शेवटी एक साधी सवय उपयोगी पडते. 'मी सगळं नीट सांगितलं ना? आता घरी गेल्यावर कसं घ्याल, ते एकदा मला सांगा बरं.' अशा रीतीने रुग्णाकडून वदवून घेतले की चूक जागीच सापडते. यात परीक्षेचा सूर येऊ देऊ नये. कसोटी आपल्या सांगण्याची आहे, त्याच्या बुद्धीची नव्हे.

अतियोगाचा दुसरा प्रकार आत्मस्तुतीचा. ज्ञानी वैद्यानेही आपल्या ज्ञानाची फार बढाई मारू नये, असे चरकाचार्य शिष्यास सांगतात. आजच्या समाजमाध्यमांच्या काळात हा उपदेश पाळणे अधिक कठीण झाले आहे. 'हमखास', 'मुळापासून', 'शंभर टक्के' हे शब्द फलकावर वा मोबाइलवरील संदेशात लिहिण्यापूर्वी १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचे स्मरण ठेवावे. मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनुसूचीतील रोगांवर औषधाने गुण येतो अशी जाहिरात करण्यास तो कायदा मनाई करतो. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, अवाजवी आश्वासन हे उधारीसारखे असते. आज गिऱ्हाईक येते. पण पुढे फेडताना व्याजासह फेडावे लागते.

वाणीचा मिथ्यायोग : सात दोष

चरकाचार्यांनी वाणीच्या मिथ्यायोगात चहाडी, असत्य, अवेळी भांडण, अप्रिय बोलणे, असंबद्ध बोलणे, अनुचित बोलणे व कठोर बोलणे यांचा समावेश केला आहे. हे सातही दोष आपल्या व्यवसायात कोणत्या रूपाने येतात ते पाहू.

चहाडी म्हणजे पूर्वीच्या वैद्याची वा डॉक्टरांची निंदा. जुना कागद हाती येताच 'हे कोणी दिलं तुम्हाला?' असे उद्गार निघतात. त्या क्षणी रुग्णाचा विश्वास आपल्याकडे वळला असे वाटते. वस्तुतः एकूण वैद्यकावरचाच त्याचा विश्वास हलतो. उद्या आपलाही कागद कोणाच्या तरी हाती जाणार आहे.

असत्य म्हणजे सोयीचे उत्तर. औषधात भस्म आहे काय, असे रुग्णाने विचारल्यावर 'नाही, नुसत्या वनस्पती आहेत,' असे म्हणणे सोपे असते. खरे सांगून शोधन-मारणाचे महत्त्व, विश्वासू उत्पादकाची निवड व मर्यादित काळ यांविषयी दोन वाक्ये बोलणे अवघड असले तरी टिकाऊ असते. 'आयुर्वेदाचे दुष्परिणाम नसतातच' हेही असेच सोयीचे असत्य होय. भल्लातक, वत्सनाभ, कुचला यांचा विचार करणाऱ्या शास्त्राला ते शोभत नाही.

अवेळी भांडण म्हणजे प्रतीक्षाकक्षात मदतनिसावर ओरडणे, पैशांवरून रुग्णाच्या नातेवाइकांशी वाद घालणे. असंबद्ध बोलणे म्हणजे वैद्य सांगतात 'तूप घ्या' आणि बाहेर बसलेला मदतनीस सांगतो 'तूप बंद'. अनुचित बोलणे म्हणजे येणाऱ्याकडे न पाहता, 'बसा' असेही न म्हणता, मोबाइलकडे पाहत तपासणी सुरू करणे. समोरच्याशी आपण होऊन प्रथम बोलावे व प्रसन्न मुखाने बोलावे, असे सद्वृत्त सांगते.

कठोर बोलण्याचे एकच उदाहरण पुरे. स्थूल रुग्णास 'तोंडावर ताबा नाही' असे म्हटले जाते. हे त्याने घरात, नातेवाइकांत शेकडो वेळा ऐकलेले असते. आपल्याकडे तो त्यापेक्षा वेगळे काही ऐकावयास आलेला असतो.

राहिले अप्रिय बोलणे. येथे विवेक लागतो, कारण अप्रिय सत्य सांगण्याचे प्रसंग टाळता येत नाहीत. दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षा येथे उपयोगी पडते. प्रवरसत्त्व रुग्णास स्पष्ट सांगता येते. अवरसत्त्व रुग्णास थोडे थोडे, जवळच्या नातेवाइकास सोबत घेऊन सांगावे लागते. शब्दांची निवडही शास्त्रानेच सोपी केली आहे. साध्य व असाध्य यांच्यामध्ये 'याप्य' ही कोटी आपल्याकडे आहे. तमकश्वास, प्रमेह यांच्या अनेक रुग्णांना 'बरा होईल' हेही खरे नसते आणि 'काही होणार नाही' हेही खरे नसते. 'हे दुखणं बिऱ्हाडकरूसारखं आहे; ते राहील, पण त्यानं घर डोक्यावर घेऊ नये, एवढं आपण दोघं मिळून बघू,' असे सांगितले की रुग्णास वस्तुस्थितीही कळते व आधारही मिळतो.

मिथ्यायोगाचे सर्वांत भयंकर रूप मात्र एका लहान वाक्यात असते : 'ती औषधं आजपासून बंद करा.' ज्या मधुमेही रुग्णाचे शरीर इन्सुलिन तयारच करीत नाही, त्याचे इंजेक्शन बंद झाले तर एक-दोन दिवसांतच प्राणावर बेतू शकते. अपस्माराची गोळी एकाएकी थांबविल्यास झटके अनावर होऊ शकतात. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक तोडल्यास रुग्ण कोसळू शकतो. काही वेळा वैद्याने 'हळूहळू कमी करता येईल' असे म्हटलेले असते व रुग्णाने 'बंद' एवढेच ऐकलेले असते. म्हणून या विषयावर मोघम बोलू नये. 'तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून कमी करायची नाही,' हे वाक्य प्रत्येक अशा रुग्णास सांगावे व कागदावरही लिहावे. एका वाक्याने प्राण जाऊ शकतो, तसा एका वाक्याने तो वाचूही शकतो.

औषधविक्रेत्यांचा संवाद

चिकित्सालयातून निघालेला रुग्ण आपल्या दुकानाच्या पायरीवर येतो तेव्हा चिकित्सा संपलेली नसते. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस केंद्रीय औषध कायद्यानुसार स्वतंत्र परवाना लागत नाही. ही मोकळीक आहे तशी जबाबदारीही आहे, कारण रुग्णाला शेवटचे दोन शब्द सांगणारी व्यक्ती पुष्कळदा विक्रेताच असते.

दुकानात कोणी येऊन 'सर्दी झालीय, त्रिभुवनकीर्ती द्या' असे म्हणतो. कोणासाठी, वय किती, ताप आहे काय, घरात कोणी गरोदर आहे काय, हे चार प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते. त्रिभुवनकीर्तीमध्ये हिंगूळ व वत्सनाभ आहे. अनुसूची 'ई-१' मधील विषद्रव्ये असणाऱ्या पोटात घ्यावयाच्या कल्पांच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती वाचणारे गिऱ्हाईक विरळा. ती तोंडी सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

साखरेचा प्रश्नही असाच. सितोपलादी चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. शतावरी कल्प, च्यवनप्राश यांतही साखर असते. आसव-अरिष्टांत गूळ वा मध आणि स्वयंजनित मद्यांश असतो. 'घरी कोणाला साखरेचा त्रास आहे का?' असा प्रश्न सवयीने विचारणारे दुकान मधुमेही कुटुंबांचे कायमचे दुकान होते. दारू सोडलेल्या मनुष्याच्या घरच्यांना अरिष्टाबद्दल आधी सांगितले, तर ते उपकार विसरत नाहीत.

वैद्याने लिहिलेला कल्प नसेल तर 'तेच आहे, फक्त कंपनी वेगळी,' असे म्हणून दुसरा देऊ नये; वैद्यास दूरध्वनी करावा. 'हे कशाला लिहिलंय?' असे गिऱ्हाइकासमोर म्हणू नये. शंका असल्यास ती वैद्यालाच विचारावी. वैद्यांनीही आपल्या परीने सुवाच्य लिहावे, कल्पाचे पूर्ण नाव, मात्रा व दिवस लिहावेत, आणि विक्रेत्याचा दूरध्वनी आला म्हणजे अपमान झाला असे मानू नये. आपल्या लिखाणातील चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी पकडणारा विक्रेता हा खरा मित्र होय.

समव्यावसायिकांशी संभाषण

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिलीत दोघेही ज्ञानासाठी बोलतात, दुसरीत जिंकण्यासाठी. न रागावणारा, मत्सर न करणारा, समजूत पटवू शकणारा व समजूत पटवून घेणारा, गोड बोलणारा अशा विद्वानाशी संधायसंभाषा करावी, असे तेथे म्हटले आहे. आपल्या मासिक सभांत कोणती संभाषा अधिक चालते, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

इतर पद्धतींच्या डॉक्टरांशी संबंध हा यशाचा मोठा भाग आहे. त्यासाठी चिठ्ठी लिहिण्याची सवय लावावी. 'आमवात' एवढेच न लिहिता कोणते सांधे, किती दिवस, सकाळचा ताठरपणा किती वेळ, कोणत्या तपासण्या झाल्या व आपण कोणते कल्प देत आहोत, हे लिहावे. अशी चिठ्ठी गेली की तिकडूनही उत्तर येते. पुढे रुग्णही येतात.

कौशल्याची योग्या

वाणी हे कौशल्य आहे काय, की तो उपजत स्वभाव? स्वभावाचा भाग आहेच. परंतु सुश्रुताचार्यांनी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेदनकर्माची योग्या करावयास सांगितली व पुष्कळ शास्त्र शिकलेलाही योग्येवाचून कर्मास अपात्र ठरविला. जे शस्त्राचे, तेच वाणीचे. पुढील योग्या तीन महिने करून पाहावी, अशी आमची सूचना आहे.

पहिली, प्रत्येक नव्या रुग्णास आरंभी दोन मिनिटे न अडवता बोलू द्यावे. लेखणी खाली ठेवावी. दुसरी, उठण्यापूर्वी 'अजून काही सांगायचं राहिलं का?' असे विचारावे. खरी तक्रार पुष्कळदा तेव्हाच बाहेर पडते. तिसरी, तीनच पथ्ये सांगून ती रुग्णाकडून वदवून घ्यावीत. चौथी, मदतनीस वा दुकानातील कामगार यांच्याशी आठवड्यातून १५ मिनिटे बसून त्या आठवड्यातील गैरसमजांची उजळणी करावी. पाचवी, न परतलेल्या रुग्णांची एक वही ठेवावी व त्यांतील चार-पाच जणांना दर आठवड्यास दूरध्वनी करून 'तब्येत कशी आहे?' एवढेच विचारावे. औषधाची आठवण करून देऊ नये. मिळणारी उत्तरे कडू असतील; परंतु तिक्तरसाचे गुण आपणांस कोणी शिकवावयास नकोत.

अमेरिकेतील १९९७ च्या एका अभ्यासात, ज्या प्राथमिक डॉक्टरांवर कधी दावे झाले नव्हते त्यांच्या व दावे झालेल्यांच्या संभाषणांची तुलना केली गेली. दावे न झालेले डॉक्टर पुढे काय करणार हे आधी सांगत, रुग्णाचे मत विचारीत, कळले की नाही याची खात्री करून घेत व हसतही अधिक. त्यांच्या भेटीचा सरासरी काळ १८.३ मिनिटे होता, तर इतरांचा १५ मिनिटे. अंतर सव्वातीन मिनिटांचे. १९९५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सशुल्क वैद्यकीय सेवा आपल्याकडेही ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे, हे लक्षात घेता ती सव्वातीन मिनिटे महाग म्हणता येणार नाहीत.

परंतु दाव्याची भीती हे सद्वर्तनाचे मुख्य कारण असू नये. रुग्ण आईवडील, मुले व आप्त यांच्याविषयीही शंका बाळगील, पण वैद्यावर विश्वास ठेवून स्वतःला त्याच्या हाती सोपवितो. म्हणून वैद्याने त्यास पुत्रवत् जपावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. एवढा विश्वास दुसऱ्या कोणत्या व्यवसायास पहिल्या भेटीतच, काही न मागता मिळतो? तो मिळतो आपण काही बोलण्याच्या आधी. तो टिकतो की नाही, हे मात्र आपण काय व कसे बोलतो यावर ठरते. वाणीचा समयोग साधण्याचा प्रयत्न आपल्या संघटनेतील प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने उद्याच्या पहिल्या रुग्णापासून करावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.